सिस्टरला काय वाटतं, ते विचारा

आरोग्यखात्यात एक वाक्य वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आलं आहे: ‘भावना घरी ठेवून ड्युटीवर या.’ मोठे डॉक्टर ते हाऊसमनला ऐकवतात, हाऊसमन सिस्टरला ऐकवतात, सिस्टर आशाताईला. दवाखान्यात कुणाचा आवाज जरा कातर झाला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी ‘सर, मला भीती वाटतेय’ म्हणालं, की हे वाक्य पुढे येतं आणि बोलणारा गप्प होतो. त्या गप्प होण्याला आपण शिस्त म्हणतो. माझं म्हणणं असं की ही शिस्त रोग्याच्या जिवावर उठणारी आहे.

आधी समोरच्यांची बाजू त्यांच्याच जोराने मांडतो. ते म्हणतात, वैद्यकी हे आकड्यांचं शास्त्र आहे. बीपी किती, नाडी किती, हिमोग्लोबिन किती, एवढं सांगा. ‘वाटतं’ सांगू नका, वाटण्याला पुरावा नसतो. दुसरं, भावना निर्णय बिघडवते. डॉक्टर हळवा झाला की हात थरथरतो. तिसरं, दवाखान्यात रागावणं लागतंच; आम्हीही बोलणी खाऊन शिकलो, म्हणून आज उभे आहोत. चौथं, घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ओपीडीच्या रांगा दारापर्यंत असताना एकमेकांची मनं सांभाळायला वेळ कुणाला आहे? आणि पाचवं, गोड बोलायचं ते रोग्याशी बोलावं. कर्मचाऱ्यांनी आपसात कामापुरतं बोललं म्हणजे झालं.

हे पाचही मुद्दे ऐकायला ठाम आहेत. पाचही चुकीचे आहेत. ते का, हे कळण्यासाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयापेक्षा लासूर स्टेशनवरून पाहणं बरं.

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातलं, मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणाऱ्या लोहमार्गावरचं बाजाराचं गाव. भोवतालच्या खेड्यांतली माणसं कांदा-कापूस घेऊन इथं येतात, तशी दुखणी घेऊनही येतात. इथून घाटी, म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, चाळीसेक किलोमीटरवर. वस्तीवरच्या बाईला कळा सुरू झाल्या की पहिली बातमी आशाताईला लागते. ती उपकेंद्राच्या सिस्टरला फोन करते, सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, म्हणजे एमओंना. तिथून ग्रामीण रुग्णालय, मग १०८ची गाडी, मग घाटी. या सगळ्या वाटेवर रोग्याच्या आधी पोचतं ते एकाचं दुसऱ्याशी बोलणं. मधला एक माणूस बोलायला कचरला, की पुढे रक्तपेढी असून उपयोग नाही, थिएटर असून उपयोग नाही, भूलतज्ज्ञ जागा असून उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत रोगी वेळेत पोचतच नाही.

अशी एक रात्र जवळून पाहू. उपकेंद्रातल्या कोणत्याही जुन्या सिस्टरला ती ओळखीची वाटेल. बाळंतपण होऊन तास उलटलाय. बाळ रडलं, दूध ओढू लागलं. बाई मात्र अंथरुणावर स्वस्थ नाही. या कुशीवरून त्या कुशीवर होते, पाणी मागते, ‘कसंतरीच होतंय’ म्हणते. सिस्टर तिचा हात हातात घेते तर तो गार, ओलसर. ती फोन लावते.

‘सर, मला ही बाई बरी दिसत नाही.’

‘बीपी किती आहे?’

‘एकशे दहा-सत्तर, सर. पण...’

‘मग झालं काय? आकडे नीट आहेत ना? स्वतः घाबरू नका आणि आम्हाला घाबरवू नका.’

फोन बंद.

आता शास्त्र काय सांगतं ते पाहा, कारण समोरच्यांना शास्त्राचाच आधार हवा आहे. गरोदरपणात बाईच्या शरीरात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की शरीर रक्तवाहिन्या आवळून घेतं, हृदयाचे ठोके वाढवतं आणि रक्तदाब सावरून धरतं. तरुण, धडधाकट बाईच्या अंगातून लिटरभर रक्त गेलं तरी बीपीचा आकडा काही काळ जागच्या जागी राहू शकतो. तो घसरू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या आधी बदलतात त्या वेगळ्या गोष्टी: नाडी पळते, चेहरा उतरतो, हातपाय गार पडतात, बाई अस्वस्थ होते. म्हणजे ज्या आकड्यावर त्या साहेबांनी फोन ठेवला तो मागे होता आणि सिस्टरचं ‘बरं दिसत नाही’ पुढे होतं. शेकडो बाळंतपणं हाताखालून गेलेल्या बाईच्या नजरेला जे दिसलं त्याची तिला अजून यादी करता आली नव्हती. ते तिच्यापाशी काळजी म्हणून आलं. त्या काळजीला पुरावा नाही असं कोण म्हणेल? पुरावा तिच्या हातात होता, गार पडलेला.

जगातल्या जाणत्या रुग्णालयांनी हे कधीच ओळखलं आहे. १९९०च्या सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात ढासळणाऱ्या रोग्याकडे ताबडतोब धावणारं पथक तयार झालं. त्या पथकाला कधी बोलवायचं याची यादी केली गेली. श्वास इतका झाला तर, नाडी तितकी झाली तर, असे आकडे त्यात होतेच. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होतं: ज्याची तुम्हाला गंभीर काळजी वाटते असा कोणताही रोगी. काळजी वाटणं एवढंच पुरेसं होतं, आकडा जुळण्याची अट नव्हती. अमेरिकेत २००६ साली आलेल्या ‘टीमस्टेप्स’ या प्रशिक्षणात कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवायचं असेल तर तीन पायऱ्या शिकवतात. पहिली, ‘मला काळजी वाटतेय.’ दुसरी, ‘मला हे ठीक वाटत नाही.’ तिसरी, ‘हा रोग्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.’ तीनपैकी दोन पायऱ्या सरळसरळ भावनेच्या आहेत. आणि कामापुरत्या बोलण्याचा आदर्श म्हणून जी ‘एसबीएआर’ पद्धत दाखवली जाते, अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली, तिच्यातसुद्धा परिस्थिती आणि पूर्वेतिहास सांगून झाल्यावर तिसरा टप्पा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या अंदाजाचा आहे. सिस्टरला काय वाटतं, हे त्या पद्धतीने मागून घेतलंय. आपण ती पद्धत भिंतीवर चिकटवतो आणि सिस्टर बोलली की तिला तोडतो.

आता दुसरा मुद्दा, भावना निर्णय बिघडवते हा. इथं मला विचारायचंय, नेमकी कुणाची भावना? राऊंडवर सगळ्यांसमोर हाऊसमनच्या अंगावर फाईल भिरकावली जाते, ती भावना नाही? रात्री फोन उचलून ‘तुमच्या पीएचसीला एवढंही जमत नाही का’ असं खेकसणं, ती भावना नाही? राग हीसुद्धा भावनाच आहे. पण वरच्याचा राग शिस्त ठरतो आणि खालच्याची भीती कमकुवतपणा ठरते. भावना नको हा नियम सगळ्यांना सारखा लागू असता, तर सगळ्यात आधी वरिष्ठांचा आवाज खाली आला असता. तो आलेला नाही. त्यावरून स्पष्ट होतं की मागणी भावनाशून्य बोलण्याची नाही. खालच्या माणसाने तोंड उघडू नये ही आहे.

आणि निर्णय बिघडवणारी भावना कोणती, तेही तपासून झालंय. २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना एकाच आजाराच्या बाळाचा सराव दिला. काही पथकांना सरावाआधी आणि सरावादरम्यान एका बाहेरच्या तज्ज्ञाचे उणे शब्द ऐकवले, काहींना साधं बोलणं ऐकवलं. शिव्या नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. इथल्या वैद्यकीय दर्जाबद्दलचे हिणकस उद्गार, एवढंच. ते ऐकलेल्या पथकांचं निदान घसरलं, हातांचं कामही घसरलं, एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं. नुसत्या टोमण्याने प्रशिक्षित हातांची ही गत होत असेल, तर आपल्या राऊंडवर रोज जे बोललं जातं त्याचा हिशेब कोण ठेवतंय?

इंग्लंडमधली २००५ सालची एलेन ब्रोमिलीची गोष्ट या बाबतीत प्रत्येक नर्सिंग कॉलेजात सांगायला हवी. ३७ वर्षांची, दोन मुलांची आई, सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याच्या प्रयत्नात अडकून पडले. एका सिस्टरने गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करण्याचा संच आणून ठेवला, तसं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण ‘ही उगाच घाबरतेय’ अशा अर्थाच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि तिने ती खाट रद्द केली. एलेन वाचली नाही. थिएटरमध्ये ज्ञान होतं, साधनं होती, अनुभव होता. काय करायला हवं ते दोघींना कळलेलंही होतं. पण एक नजर पुरली त्यांना मागे सारायला. एलेनचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने बोलावं यासाठी विमानक्षेत्र जे मुद्दाम शिकवतं ते वैद्यकीत का शिकवत नाहीत, हा प्रश्न घेऊन तो उभा राहिला आणि त्यातून २००७ साली तिथं एक संस्था निघाली. आपल्याकडे अशा नजरा किती खाटा रद्द करत असतील?

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका: ‘आम्ही बोलणी खाऊनच शिकलो.’ शिकलात, पण बोलण्यांमुळे शिकलात हे कशावरून? आणि जे बोलणी खाऊन शिकले नाहीत, ज्यांनी फोन करणंच सोडून दिलं, चूक झाली की ती रजिस्टरात दाबायला जे शिकले, ते तुमच्या मोजणीत कुठे आहेत? अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. जिथं नर्सिंगचं नेतृत्व चांगलं आणि एकमेकांशी संबंध चांगले, तिथं चुकांचा आकडा जास्त दिसला. कारण उलगडलं ते असं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथं धाक होता तिथं आकडा कमी होता, कारण तोंडं बंद होती. ज्या वॉर्डात कधीच काही चुकत नाही असं कागद सांगतात, त्या वॉर्डात आपला माणूस ठेवायला मला भीती वाटेल.

धाकाने सुधारणा होते या समजुतीचं टोक आपण मराठवाड्यातच पाहिलं. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बाळं. सगळा महाराष्ट्र हादरला. त्या पाठोपाठ हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, तेही कॅमेऱ्यांसमोर. लोकांचा संताप खरा होता आणि रास्त होता. पण त्या दृश्याने त्या रुग्णालयातल्या शेवटच्या सिस्टरला काय शिकवलं? औषध संपत आलंय, इनक्युबेटर कमी पडतायत, हात पुरत नाहीत, हे सांगणाऱ्याचं इथं काय होतं, हेच ना? नवजात विभागातली अडचण वेळेवर वर कळवायला लागतं ते धाडस, आणि चारचौघांत अपमान झालेल्या यंत्रणेत सगळ्यात आधी मरतं तेही धाडसच.

माता-मृत्यूच्या चौकशीतही हेच चालतं. बाळंतपणात बाई दगावली की प्रत्येक मृत्यूचा मागोवा घ्यायचा, कुठे उशीर झाला ते शोधायचं, ही पद्धत आपल्या देशात रीतसर स्वीकारलेली आहे. जगभर तिचा पाया एकच: कुणाचं नाव नको, कुणाला दोष नको, कारण शोधा. प्रत्यक्ष बैठकीत खालची सिस्टर उभी केली जाते आणि तिच्या हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस पडते. पुढच्या वेळी ती खरं सांगेल असं कुणाला वाटतं? ती बाईला लवकरात लवकर दुसऱ्याच्या दारात पोचवेल, चिठ्ठीवर ‘पुढील उपचारार्थ’ लिहील आणि आपली सुटका करून घेईल. मग घाटीतले निवासी डॉक्टर म्हणतील, ‘गावाकडून काहीही पाठवतात.’ त्यांची तक्रार खरी आहे. पण ही सवय त्या नोटिशीने लावलीय.

चौथा मुद्दा वेळेचा. गर्दी प्रचंड आहे, हे मान्य. घाटीत मराठवाडाभरातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रोगी येतात, निवासी डॉक्टर सलग किती तास उभे असतात हे कुणीही जाऊन पाहावं. पण ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतंय?’ हे विचारायला किती वेळ लागतो? त्याच फोनवर खेकसायला जेवढा लागतो तेवढाच. आणि त्या खेकसण्यामुळे जो पुढचा फोन येत नाही, जी बाई चार तास उशिरा येते, तिला जे रक्त चढवावं लागतं, जी गर्भपिशवी काढावी लागते, जे नातेवाईक दारात उभे ठाकतात, त्या सगळ्याला लागणारा वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा? गर्दी जितकी जास्त तितकं एकमेकांचं बोलणं नीट हवं. वेळ नाही म्हणून नीट बोलत नाही, हे उत्तर मला पटत नाही.

पाचवा मुद्दा रोग्याशी गोड बोलण्याचा. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं शिक्षण आलं, हे चांगलंच झालं. पण विद्यार्थी ते वर्गात शिकतो आणि वॉर्डात काय पाहतो? मोठे डॉक्टर रोग्याच्या खाटेशी मृदू आणि दोन पावलांवर सिस्टरशी कठोर. तो वॉर्डातलं उचलतो, वर्गातलं विसरतो. वरून आलेला राग खाली सरकतच जातो. एमओंना वरून बोलणी बसतात, ते सिस्टरवर काढतात, सिस्टर आशाताईवर, आशाताई गप्प बसते आणि शेवटी सगळं रोग्याच्या माथी येतं: ‘आधी का नाही आलीस?’ वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं प्रत्येक वेळी गरिबाचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या सिस्टरला दिवसभर कुणी माणसासारखं विचारलेलं नाही तिने रोग्याला फुलासारखं जपावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

याउलट काय घडू शकतं, हे पाहायला परदेशी जायची गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित समाजांतल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बाया ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, डॉक्टरांबरोबर बसत आणि गावात काय घडलं, काय चुकलं, कशाची भीती वाटली ते बोलत. डॉक्टर ऐकत. जिला गावात कुणी शेजारी बसू देत नव्हतं तिचं म्हणणं तिथं वैद्यकीय माहिती म्हणून घेतलं गेलं. १९७१ साली त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या आत आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली. नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंदावलं, नीट ओढणाऱ्याचं दूध ओढणं कमी झालं, असे बदल ओळखून त्या जंतुसंसर्गाचं निदान करत आणि इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. ‘बाळ कालच्यासारखं नाही’ हा आईच्या जिवाला लागलेला घोर तिथं निदानाची पहिली पायरी झाली. भावनेला पुरावा नसतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावं.

समोरच्यांची एक गोष्ट मी मान्य करतो, एकच. रक्ताच्या थारोळ्यात, हृदय थांबलेल्या रोग्यापाशी आरडाओरडा चालत नाही. तिथं स्थिर आवाज लागतो. पण तो स्थिर आवाज काय करतो? खोलीतल्या सगळ्यांची भीती उतरवतो, हातांना बळ देतो, ‘कुणाला आणखी काही दिसतंय का?’ असं विचारतो. हे भावनेचंच काम आहे, जाणत्याने केलेलं. आणि असा आवाज दटावून येत नाही, सरावाने येतो.

म्हणून मागणं स्पष्ट आहे. लासूर स्टेशनच्या परिसरातलं उपकेंद्र असो की घाटीतला प्रसूती कक्ष, ‘काळजी वाटते’ हे फोन करायला आणि पुढे पाठवायला पुरेसं कारण धरा. रात्री आलेला फोन उचलणाऱ्याने पहिलं वाक्य दटावणीचं बोलू नये, हा नियम करा आणि तो वरिष्ठांना लावा. पुढे पाठवलेल्या बाईचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सिस्टरला आणि आशाताईला कळवा. त्यांची शंका खरी ठरली की खोटी, हे समजल्याशिवाय त्यांची नजर तयार कशी होणार? मृत्यूच्या चौकशीत नोटीस काढण्याआधी ऐकून घ्या. राऊंडवर अपमान करणाऱ्याची तक्रार करता येईल अशी जागा ठेवा, आणि तक्रार करणाऱ्याची बदली करू नका.

यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, निविदा लागत नाही. लागतं ते एवढंच, की दवाखान्यातल्या सगळ्यात खालच्या माणसाची काळजी ही सगळ्यात वरच्या माणसाने माहिती म्हणून घ्यावी. भावना घरी ठेवून या, असं आशाताईला, सिस्टरला, हाऊसमनला सांगणारे त्यांचे डोळे, त्यांचे हात, त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव घरी ठेवायला सांगतायत. त्या अनुभवावर हक्क रोग्याचा आहे. तो मध्येच अडवण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही, कोणत्याही अधिकाऱ्याला नाही आणि कोणत्याही लोकप्रतिनिधीलाही नाही.